थांबवायचं बटण

स्क्रू बसवण्याआधी ते त्यावर फुंकर मारायचे. नवाकोरा असला तरी.

आकडे कन्नडमध्ये मोजायचे, भाव हिंदीत करायचे, चिडायचे मात्र मराठीत.

घरात शिरताना चप्पल काढायच्या आधी म्हणायचे, "अक्का, मीच." त्या घरात त्या वेळी दुसरं कोणी येण्यासारखं नव्हतं.

वाकायच्या आधी शर्टाच्या खिशातलं पेन काढून बाजूला ठेवायचे. अक्काला उचलताना ते तिला टोचायचं. पुढे हातालाच सवय लागली. बुटाची नाडी बांधायची असली तरी पेन आधी बाहेर.

वायरचं टोक सोललं की तांब्याचे केस अंगठ्या-बोटात धरून पीळ द्यायचे. वातीला देतात तसा.

आणि कुठल्याही कामाचं विचारलं की उत्तर एकच. "स्वल्प राहिलंय." थोडंसंच राहिलंय.

महांतेशअण्णा जिवंत आहेत. तरी हे सगळं माझ्याकडून 'होतं' असंच लिहिलं जातंय.

मी के. आर. पुरमला त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्यात एम. ए. केलं आणि एका अ‍ॅपसाठी मजकूर लिहायला बेंगळुरूला आले. खोली बघायला गेले तेव्हा खालून आवाज आला, "महांता, पोरगी मराठी बोलत्याय रे. ठेवून घे." तो अक्काचा आवाज. मी अजून तिला पाहिलंही नव्हतं.

अक्का म्हणजे अंबूबाई, त्यांची थोरली बहीण. ही माणसं निपाणीची. आई लवकर गेली. अक्काने तंबाखूच्या वखारीत काम करून महांतेश आणि देवाप्पा या दोन्ही भावांना वाढवलं. महांतेशअण्णांना इथे दुचाकींच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्टोअरकीपरची नोकरी लागली, तशी तीही आली. कुठला पार्ट कुठल्या कप्प्यात आहे ते त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. तो बसवतात कसा, हे मात्र त्यांचं काम नव्हतं.

मी येण्याच्या आधीच अक्का न्हाणीघरात घसरून पडली होती. पाठीच्या कण्याला मार बसला. पायांतली ताकद गेली ती गेलीच. हात शाबूत. पलंगावर बसून ती शेंगा सोलायची, अवरेकाळू म्हणजे पावटे निवडायची, गल्लीतल्या सगळ्यांची चौकशी करायची. पण पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत पलंगावर, हे सगळं अण्णांच्या हातांवर. ती अंगाने भरलेली. ते काटकुळे. दुपारी एक बाई यायची, पण ती उचलायची नाही. जेवण वाढून जायची.

मला खालून त्यांचा श्वास ऐकू यायचा. उचलताना एक मोठा श्वास, मग काहीच नाही, मग एकदम सुटलेला. त्या मधल्या 'काहीच नाही'मध्ये मीही थांबायचे.

देवाप्पा कोरमंगलाला राहतात. वाईट माणूस नाही. त्यांच्या घरी नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. त्यांनी देवनहळ्ळीजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा शोधली होती. स्वच्छ. उचलायला दोन-दोन बायका. दसरा झाला की अक्काला तिकडे न्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"मी मेलोय काय?" महांतेशअण्णा म्हणाले.

"तू मरू नयेस म्हणून तर चाललंय," देवाप्पा म्हणाले. "तिला उचलताना तू पडलास तर तुला कोण उचलणार?"

"यंत्र उचलंल."

देवाप्पा हसले. त्यांना वाटलं, चिडून बोलतोय.

पुढच्या रविवारी अण्णा एस. पी. रोडच्या यंत्रबाजारातून रिक्षात एक खोकं घालून घेऊन आले. विजेवर चालणारा होइस्ट. इमारतीच्या कामावर विटा-वाळू वर चढवतात, तो. वेल्डरकडून खोलीत आडवा गर्डर टाकून घेतला आणि पलंगाच्या बरोबर वर तो लटकवला. पोलादी दोरी, खाली आकडा. आकड्याला जाड कापडाची झोळी. अक्का त्याला 'रहाट' म्हणायची.

खोक्यावर एक चित्र होतं. आकड्याला लटकलेला माणूस आणि त्यावर लाल फुली.

"हे काय काढलंय रे?" अक्काने विचारलं.

"म्हणजे यानं माणूस उचलू नये."

"मग मी कोण?"

"तू अक्का."

ती इतकी हसली की दुपारच्या बाईला वाटलं ठसका लागलाय. ती पाणी घेऊन धावली.

होइस्टला वायरवर लोंबणारी दोन बटणं होती. वर आणि खाली. पण अक्काला उचलताना अण्णांचे दोन्ही हात अडकायचे. एक मानेखाली, एक गुडघ्यांखाली. नाहीतर पाय पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटायचे आणि तिला कळायचंही नाही. बटण दाबायला तिसरा हात हवा होता. म्हणून रिमोट. त्यांनी रिमोटचा छोटा रिसिव्हर आणला, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून बटणांची वायर कापली आणि रिसिव्हरला जोडली. रिमोट गळ्यात दोरीने अडकवला. दाबलं की रिसिव्हरमध्ये टक्‌ आवाज व्हायचा आणि होइस्ट चालायचा. सोडलं की टक्‌, आणि थांबायचा.

पहिल्यांदा तांदळाचं पोतं उचललं. मग स्वतः झोळीत बसले. हवेत गुडघे पोटाशी घेऊन, हातात रिमोट, चेहरा शाळेतल्या मुलासारखा.

"उतर खाली, माकडा," अक्का म्हणाली. "माझा नंबर हाय."

पण तिने एक अट घातली.

"चढवायचं तू चढव. उतरवायचं तू उतरव. थांबवायचं माझ्या हातात दे."

"अगं, मी हाय की."

"तू असतोसच रे. आजपतुर कोण विचारून मला थांबलंय? उचल म्हटलं की उचलतात. ठेव म्हटलं की ठेवतात. एक तरी माझ्या हातात दे."

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी लाल टोपीचं एक बटण आणलं. दाबलं की सगळा वीजपुरवठाच तुटेल असं. त्याला लांब वायर लावून अक्काच्या उशाशी द्यायचं होतं. बाकी सगळं झालं होतं. स्वल्प राहिलं होतं.

मग खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात. बेंगळुरूत त्या दिवशी रस्त्यावरची प्रत्येक रिक्षा, बस, वर्कशॉपमधलं प्रत्येक यंत्र झेंडूत बुडालेलं असतं. अक्काच्या घरचा नियम असा की आदल्या संध्याकाळी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून देवापुढे मांडायची. ती दसऱ्याला सकाळीच उचलायची. मधल्या काळात हात लावायचा नाही. वखारीत असताना ती सुपं आणि चाळण्यासुद्धा मांडायची.

पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, सगळं पाटावर गेलं. लाल बटणही त्यातच ठेवलं.

"दसऱ्याला उचललं की पयलं काम तेच," अण्णा म्हणाले. देवाप्पा दसऱ्याला येणार होते. तोपर्यंत होऊन जाईल.

यंत्राचीही पूजा झाली. हळद, कुंकू, हार. मग प्रश्न आला लिंबाचा. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. गाडी पुढे गेली की ते चिरडलं पाहिजे, तेव्हा पूजा पुरी. या यंत्राला चाक नाही.

"हलतंय तिथं ठेव," अक्का म्हणाली.

अण्णांनी खुर्चीवर चढून पाहिलं. होइस्टच्या पोटाखाली एक लोखंडी दांडी असते. आकडा फार वर आला की तो दांडीला टेकतो, दांडी उचलली जाते आणि मोटर आपोआप बंद पडते. दांडीच्या वर बरोबर लिंबाएवढी फट होती. आकडा वर आला की तिथे दाब येणार. लिंबू चिरडणार. त्यांनी लिंबू त्या फटीत बसवलं आणि हाराच्या दोऱ्याने बांधलं. मी खालून खुर्ची धरून उभी होते. मला ते छान दिसलं.

देवाप्पा दसऱ्याला यायचे ते एक दिवस आधीच आले. ऑफिसला सुट्टी होती.

"हार घालून ठेवलाय," ते दारातूनच म्हणाले. "यंत्राला की अक्काला?"

"मला अजून वेळ हाय, देवू," अक्का म्हणाली. "बस. केसरीभात खा."

"दाखव तुझं यंत्र, महांता."

"उद्या ये. एक बटण राहिलंय."

"बघ. मी म्हटलंच होतं."

अण्णांचे कान लाल झाले. पेन काढून बाजूला ठेवलं. आम्ही अक्काच्या खाली झोळी सरकवली. त्यांनी एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली. मानेखालच्या हातात धरलेला रिमोट बोटाने दाबला. टक्‌. अक्का गादीवरून अलगद सुटली. देवाप्पांचं तोंड उघडंच राहिलं. खरंच सांगते, त्या क्षणी अण्णा जिंकले होते.

त्यांनी बोट उचललं. दुसरा टक्‌ आला नाही.

अक्का वर जात राहिली.

त्यांनी पुन्हा दाबलं, सोडलं. 'खाली'चं दाबलं. रिसिव्हर कुरकुरला, पण दोरी गुंडाळतच राहिली. "अण्णा, थांबवा," मी म्हणाले. जणू त्यांना ते सुचलंच नव्हतं. अक्काचा हात बाजूला चाचपडत होता. उशाशी, जिथे बटण असायला हवं होतं तिथे. मग उशीही तिच्या हाताच्या खाली राहिली. आकडा दांडीला टेकला. लिंबू चेपलं. दांडी उचलली गेली नाही. रस अक्काच्या कपाळावर गळला.

देवाप्पांनी बाहेर धावत जाऊन मेन स्विच पाडला.

अक्का छताखाली होती. झोळीचे पट्टे ताणून एकत्र आले होते आणि ती त्यात मुटकुळं होऊन अडकली होती. वीज नाही, त्यामुळे खाली येणं नाही. यंत्राचा ब्रेक घट्ट.

"वीज लावली तर?" देवाप्पांनी विचारलं.

"अजून वर ओढंल," अण्णा म्हणाले.

"श्वास... कोंडतोय रे," वरून अक्का म्हणाली. मग म्हणाली, "हत्यारं घे. देवी काय म्हणत न्हाई."

अण्णा पाटापाशी गेले. कुंकू लागलेली पक्कड उचलली. पण कापायचं काय? दोरी पोलादी. कापडाचे पट्टे कापले तर ती सरळ खाली. ते पक्कड हातात धरून उभे राहिले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पक्कड टाकली, जेवणाचं टेबल पलंगावर चढवलं, स्वतः त्यावर चढले आणि अक्काला खालून खांद्यावर घेतलं. वजन उचललं जाईपर्यंत पट्टे आकड्यातून सुटणार नव्हते. टेबलावर दोघांपुरतीच जागा. देवाप्पा आकड्याशी झटत होते, मी टेबलाचा पाय धरून बसले होते. तो मोठा श्वास मला ऐकू आला. मग काहीच नाही. मग एक आवाज, ओली काठी मोडावी तसा. मला वाटलं टेबल.

अक्का खाली आली. तिच्या काखांत पट्ट्यांचे वळ उठले होते. बाकी काही नाही.

अण्णा टेबलावरून उतरले नाहीत. बराच वेळ तिथेच बसून राहिले. उतरले ते वाकडे.

"देवू," अक्का म्हणाली, "गाडी बोलव."

"अक्का, आज नको," देवाप्पाच म्हणाले.

"अक्का, उद्या हत्यारं उचलतो. उद्याच बटण लावतो. एक बटण गं!" अण्णांनी तिचे पाय धरले. त्या पायांना ते कळत नव्हतं. "मी सोडत न्हाई तुला."

"तुझा आवाज ऐकलाय मी आत्ता. कानाशी होता माझ्या." तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "बटण झालं की सांग. येते मी. दिवाळीची आंघोळ इथंच."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती देवनहळ्ळीला गेली.

त्यानंतर अण्णा कामावरून आले की अक्काच्या खोलीत शिरायचे. अजूनही म्हणायचे, "अक्का, मीच." मोटर वाइंडिंगच्या दुकानदाराने त्यांना चूक सांगितली. रिसिव्हरच्या आतली, टक्‌ करणारी ती इवलीशी रिले मोटरचा भार झेलू शकत नाही. तिच्या पट्ट्या तापून एकमेकींना चिकटतात. मध्ये कॉन्टॅक्टर म्हणजे मोठा, दणकट स्विच लागतो. रिमोटने कॉन्टॅक्टर ओढायचा, कॉन्टॅक्टरने मोटर. अण्णांनी सगळं उपसलं आणि पुन्हा जोडलं. लिंबाचं वाळलेलं साल काडीने कोरून काढलं. आता दांडी चाले. पोतं वर जाई, थांबे, खाली येई. पुन्हा पुन्हा. वर माझ्या खोलीत फरशीखालून ती घरघर यायची.

कमरेला पट्टा होता. डाव्या पायाला मुंग्या येतात म्हणायचे. डॉक्टरकडे जाऊया म्हटलं की, "दिवाळी होऊंदे."

एका रविवारी आम्ही बसने देवनहळ्ळीला गेलो. अक्का खिडकीशी बसली होती. केस नीट विंचरलेले.

"काय रे, वाकलाईस का?"

"बसची सीट बारकी होती."

"पोरी, तू सांग गे."

मी अण्णांकडे बघितलं. "सीट बारकी होती," मी म्हणाले.

"दोन-दोन बायका उचलतात मला," अक्का म्हणाली. "चांगल्या हाईत. पण आपसात बोलत उचलतात. सिरियलचं." मग हळूच, "बटण?"

"स्वल्प राहिलंय."

दिवाळीच्या आधीचा रविवार. सकाळी मी कपडे वाळत घालत होते. खाली स्टूल पडल्याचा आवाज आला. मग हाक आली नाही, म्हणून मी उतरले.

अण्णा अक्काच्या पलंगाशेजारी जमिनीवर उताणे होते. डोळे उघडे. पेन बाजूला टीपॉयवर नीट ठेवलेलं.

"कस्तुरी, पाय कुठं हाईत बघ माझे."

पाय सरळ होते. मी तसं सांगितलं.

"हलवतोय की मी."

ते हलत नव्हते.

मी देवाप्पांना फोन लावला. अ‍ॅम्ब्युलन्सला लावला. परत येऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांचं लक्ष वर होतं. पलंगाच्या वर आकडा लोंबत होता.

"रिमोट घे," ते म्हणाले. "माझ्या गळ्यातला. झोळी सरकव खाली. पलंगावर घे मला. देवूनं असं बघायला नको."

"अण्णा, नको."

"अगं, चालतंय आता! कॉन्टॅक्टर बसवलाय. पोतं उचललं, बघितलंस की तू."

"पाठीला धक्का लागेल. ते येतायत."

"दाब गे!" ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. मग रडायला लागले. "एवढं तरी कामाला येऊंदे. एकदा तरी."

मी त्यांच्या गळ्यातून दोरी काढली. रिमोट हातात धरला. दोन बटणं, वर आणि खाली. तिसरं नव्हतं. मी दाबलं नाही. तसाच मुठीत धरून बसले, माणसं येईपर्यंत.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या माणसांनी त्यांना फळीवर बांधून उचललं. गल्ली अरुंद, उभंच न्यावं लागलं. देवाप्पा मागून चालत होते. मला वाटलं, ते आता 'मी म्हटलंच होतं' म्हणतील. पण गाडीचं दार बंद झाल्यावर ते मला म्हणाले, "अक्काला काय सांगायचं?"

ऑपरेशन झालं. पायांत जाणीव आलेली नाही. येईल असं कोणी म्हणत नाही, येणार नाही असंही नाही. देवनहळ्ळीच्या त्या जागेत पुरुषांचाही विभाग आहे. देवाप्पांनी चौकशी करून ठेवली आहे. अण्णा भिंतीकडे तोंड करून असतात. काल मला म्हणाले, "बटण तू कर ना. सोपं हाय. एकच वायर."

अक्काचा फोन रोज येतो. अण्णा उचलत नाहीत म्हणून आता मला. "दिवाळी गेली गे. महांता फोन का उचलत न्हाई? बटण झालं काय?" कामाचा लोड आहे म्हणते मी. देवाप्पा म्हणतात, थांब, मीच जाऊन सांगतो. अजून गेलेले नाहीत.

आज मी खालची खोली उघडली. स्टूल अजून आडवंच आहे. अक्काच्या उशाशी लाल टोपीचं बटण पडलंय, झाकण काढलेलं. आतल्या दोन जागांपैकी एकीत वायर बसवलेली आहे, स्क्रू घट्ट. दुसरी वायर बाहेर आहे. टोक सोललेलं, तांब्याला नीट पीळ दिलेला.

दुसरा स्क्रू गादीवर आहे. बहुतेक फुंकर मारून ठेवलेला.